सवडीनं पाहा

नरकचतुर्दशीला पुण्यात पहाटे पाच वाजता उटणं लागतं, तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. दिवाळी नोव्हेंबरचा पहिला रविवार ओलांडून आली, तर तिथली घड्याळं तासभर मागे गेलेली असतात आणि साडेतीनच होतात. मुलगा मीटिंगला बसलेला, सून गाडी चालवतेय, नात शाळेतून परततेय. अशा वेळी फोन लावून उपयोग नसतो. उचललाच तर ‘आई, जरा नंतर करतो गं’ एवढं ऐकून ठेवायचा. त्यापेक्षा आजी मोबाइल डब्याला टेकवते, चकल्यांचं ताट थोडं पुढे सरकवते, बटण दाबते आणि बोलून ठेवते. पलीकडे संध्याकाळी स्वयंपाक करता करता ते पाहिलं जातं. उत्तरादाखल नातीचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ येतो, तोवर पुण्यात फराळ उरकून दुसरा चहा झालेला असतो.

‘पत्राच्या जागी काय आलं?’ असा विषय या अंकासाठी ठरला, तेव्हा ईमेल आणि व्हॉट्सॲप ही उत्तरं कुणीही दिली असती. पण पत्राची खरी सोय वेगळी होती. पाठवणाऱ्यानं आपल्या सवडीनं लिहायचं, घेणाऱ्यानं त्याच्या सवडीनं वाचायचं. टेलिफोननं ती सवड काढून घेतली. व्हिडिओ कॉलनं तर वर केस विंचरायची जबाबदारी टाकली. मिनिटभराच्या व्हिडिओ निरोपानं सवड परत दिली, आणि चेहरा व आवाज दोन्ही शाबूत ठेवले.

हा निरोप रेकॉर्ड करून पाठवण्याच्या इंटरनेट सेवा गेल्या पंधरा-वीस वर्षांत निघाल्या, गाजल्या, विकल्या गेल्या, काही बंद पडल्या. त्या काढणाऱ्यांचा हिशेब बहुतेक वेळा वेळ वाचवण्याचा होता. ज्यांच्या त्या मनापासून उपयोगी पडल्या, त्यांतल्या अनेकांची अडचण मात्र वेळेची नव्हतीच; लिहिण्याची होती.

दोन आठवड्यांचे पैसे

२०१५ साली जो थॉमस, विनय हिरेमठ आणि शाहेद खान या तिघा तरुणांनी अमेरिकेत ओपनटेस्ट नावाची कंपनी काढली. ज्यांना आपली वेबसाइट जाणकारांकडून तपासून घ्यायची आहे, त्यांना असे जाणकार गाठून द्यायचे, असा बेत होता. तपासणारा माणूस साइट वापरताना कुठे अडतो हे टिपण्यासाठी त्यांनी क्रोम ब्राउझरमध्ये बसणारं एक छोटं साधन बनवलं. ते पडदा आणि बोलणाऱ्याचा चेहरा एकदम रेकॉर्ड करायचं. मूळ धंदा काही चालेना. क्रेडिट कार्डं संपत आली, दोनेक आठवडे पुरतील इतकेच पैसे उरले. लोकांना रस होता तो त्या साधनात. मग जून २०१६मध्ये त्यांनी नुसतं साधनच प्रॉडक्ट हंट या साइटवर, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरच्या चव्हाट्यावर, मांडलं. पहिल्याच दिवशी सुमारे तीन हजार लोकांनी नावं नोंदवली. पुढे या साधनाचं नाव लूम झालं.

लूम नेमकं कुठे लागतं, ते हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या कुठल्याही आयटी कंपनीत कळतं. अमेरिकेतल्या क्लायंटचा दिवस सुरू होतो तेव्हा इथे रात्रीची जेवणं होत असतात. एखाद्या स्क्रीनवर बटण दाबलं की यादी उलटी होते, आणि तीही आधी तारीख बदलली असेल तरच; ही चूक लिहून कळवायची तर दीड पानाचा मेल. वाचणारा तसं करून पाहतो, त्याच्या मशीनवर काहीच बिघडत नाही. तो ‘आमच्याकडे होत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो आणि एक दिवस फुकट जातो. त्या जागी चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं, की माऊस कुठे फिरला, काय दाबलं, काय झालं, सगळं समोर येतं. कोपऱ्यातल्या छोट्या गोलात बोलणाऱ्याचा चेहरा असतो. चूक समजायला त्या चेहऱ्याची काही गरज नाही. पण ‘तुमच्या कामात चूक आहे’ हे वाक्य चेहऱ्यासकट आलं, तर जरा कमी बोचतं.

व्हिडिओचा एक जन्मजात दोष आहे: तो चाळता येत नाही. मार्क ब्रिसबार्ट या बेल्जियन मानसशास्त्रज्ञानं २०१९मध्ये जुने अभ्यास एकत्र करून इंग्रजी ललितेतर मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द असा काढला. बोलण्याचा वेग दीडशेच्या आसपास असतो. म्हणजे बोलून ठेवणारा स्वतःचा वेळ वाचवतो आणि पाहणाऱ्याचा खर्च करतो. लोइक ल मेर यांनी २००७ साली सीस्मिक ही सेवा काढली होती. तिथे लोक एकमेकांना व्हिडिओतूनच उत्तरं देत. कल्पना झकास, पण शंभर उत्तरांतलं आपल्या कामाचं कुठलं हे शोधायला शंभरही पाहावी लागणार. त्या कंपनीनं पुढे व्हिडिओ सोडून दुसराच धंदा धरला. ट्वेल्व्हसेकंड्स नावाच्या सेवेनं निरोपावर बारा सेकंदांचीच मर्यादा घालून पाहिली. तीही फार टिकली नाही.

लूमनं या दोषावर इलाज केला तो असा. पाहणाऱ्याला वेग वाढवता येतो. बोलणं आपोआप मजकुरात उतरतं. आता तर त्या मजकुरावरून एआय शीर्षक आणि सारांशही लिहून देतं. लिहायचा कंटाळा म्हणून माणसानं बोलायचं आणि ऐकायचा कंटाळा म्हणून मशीननं ते परत लिहून द्यायचं, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. त्यासाठी लोक महिन्याचे पैसे मोजतात.

मे २०२१मध्ये, कोरोनाच्या भरात, गुंतवणूकदारांनी लूमची किंमत १५३ कोटी डॉलर धरली. ऑक्टोबर २०२३मध्ये मूळच्या ऑस्ट्रेलियन अॅटलासियन कंपनीनं ती सुमारे ९७.५ कोटी डॉलरना विकत घ्यायचं जाहीर केलं. तेव्हा लूमचे अडीच कोटींच्या घरात वापरकर्ते होते. तिघा संस्थापकांपैकी हिरेमठ यांनी जानेवारी २०२५मध्ये एक टिपण प्रसिद्ध केलं: पैसा भरपूर आला, पण आयुष्याचं काय करायचं ते समजत नाही, सध्या हवाईत भौतिकशास्त्र शिकतोय. ते टिपण जगभर वाचलं गेलं. व्हिडिओ निरोपातून श्रीमंत झालेल्या माणसानं मनातलं सांगायची वेळ आली तेव्हा ते लिहून काढलं, याची नोंद कुणी फारशी घेतली नाही.

लाल टिंबामागे

बाहेरून पाहता सगळं एका बटणाचं काम. आत मात्र बरीच धावपळ असते.

आधी ब्राउझर विचारतो, या साइटला कॅमेरा आणि माइक वापरू द्यायचा का? ही विचारणा साइट करत नाही, ब्राउझर करतो, आणि ‘नाही’ म्हटलं तर साइटला काही दिसत नाही. पूर्वी हे काम फ्लॅश नावाचं वेगळं सॉफ्टवेअर करायचं. ते २०२०च्या अखेरीस कायमचं बंद झालं. तोवर ब्राउझरांनी स्वतःच रेकॉर्ड करायची कला शिकून घेतली होती. आयफोनमधली सफारी या बाबतीत सगळ्यांत मागे राहिली. तिथे ही सोय २०२१ साली आली. तोपर्यंत अशा सेवांना आयफोनसाठी वेगळं अॅप बनवणं भाग होतं.

खरी युक्ती पुढे आहे. माणूस बोलत असतानाच व्हिडिओचे काही-काही सेकंदांचे तुकडे पडतात आणि एकेक तुकडा लगेच सर्व्हरकडे रवाना होतो. त्यामुळे ‘थांबा’ दाबेपर्यंत बराचसा माल पोचलेला असतो. लिंक तर आधीच तयार असते. बोलणं संपता क्षणी ती कॉपी होते आणि मेलमध्ये डकवता येते. जुन्या पद्धतीत व्हिडिओ आधी मोबाइलमध्ये साठवायचा, मग कुठेतरी चढवायचा, मग तो ‘प्रोसेस’ होईपर्यंत चहा प्यायचा. या चहात कितीतरी निरोप पाठवायचेच राहून जात.

सर्व्हरवर तुकडे जोडले जातात. ब्राउझरनं बनवलेल्या फाइलमध्ये पुष्कळदा तिची एकूण लांबीच नोंदलेली नसते, कारण रेकॉर्डिंग सुरू करताना ते कधी संपेल हे त्याला ठाऊक नसतं. अशी फाइल तशीच दिली तर पाहणाऱ्याला मागे-पुढे सरकता येत नाही. म्हणून ती दुरुस्त करायची. मग एकाच व्हिडिओच्या तीन-चार आवृत्त्या काढायच्या: चांगल्या वायफायसाठी मोठी, एसटीत बसून पाहणाऱ्यासाठी लहान. प्रत्येक आवृत्तीचे पुन्हा काही सेकंदांचे तुकडे. नेटवर्क पडलं की पुढचा तुकडा हलक्या आवृत्तीतून उचलला जातो. चित्र थोडं धूसर होतं, पण बोलणं तुटत नाही. सेकंदाला एक मेगाबिट असा बेताचा दर धरला तरी मिनिटाला साडेसात मेगाबाइट होतात. त्याच्या सगळ्या आवृत्त्या, आणि त्या कुणी पाहिल्या नाहीत तरी सांभाळत राहायच्या. फुकट सेवा मिनिटांवर आणि व्हिडिओंच्या संख्येवर मर्यादा घालतात त्याचं हे कारण. लूमच्या फुकट खात्यात पाच मिनिटांचे पंचवीस व्हिडिओ ठेवता येत, ही अट वर्षानुवर्षं चालत आली.

एक बारीक गंमत प्रत्येकाला अनुभवाला येते, कारण क्वचितच कळतं. रेकॉर्ड करताना पडद्यावर आपण आरशात दिसतो तसे दिसतो. पाठवलेला व्हिडिओ मात्र जगाला दिसतो तसा असतो. डाव्या नाकपुडीतली नथ आरशात रोज ज्या बाजूला दिसते, तिच्या दुसऱ्या बाजूला गेलेली दिसते, भांगही उलटा, आणि ‘मी अशी का दिसतेय?’ म्हणून व्हिडिओ पुन्हा केला जातो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बोलणं इतकं घोटीव होतं, की ते शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या निवेदनाच्या वळणावर जातं. पहिलाच पाठवलेला असतो तो सहसा बरा असतो.

एक मोबाइल, तीन मुलं

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात चार्ली मिलर हे शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. वर्गात ठरावीक चार विद्यार्थी बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात, हे दुखणं जगभर सारखंच. वर्गाबाहेरही चर्चा चालू राहावी आणि प्रत्येकानं तोंड उघडावं म्हणून त्यांनी २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधन बनवलं. शिक्षकानं एक प्रश्न विचारायचा, विद्यार्थ्यांनी आपापल्या वेळी छोट्या व्हिडिओतून उत्तर द्यायचं, आणि सगळे चेहरे चौकटीचौकटीत एका पानावर दिसायचे. सुरुवातीला उत्तराला दीड मिनिट मिळे. हे फ्लिपग्रिड. जून २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते घेतलं आणि सर्व शाळांना फुकट करून टाकलं. दोन कोटींच्या आसपास शिक्षक-विद्यार्थी तेव्हा ते वापरत होते.

फ्लिपग्रिडनं पुढे जे बदल केले, त्यांवरून मुलं काय मागत होती ते ओळखता येतं. चेहऱ्यावर मोठं इमोजी चिकटवायची सोय. चित्र धूसर करायची सोय. नुसता आवाज द्यायची सोय. मध्येच थांबून पुढचं नंतर बोलायची सोय. वर्गात हात वर न करणारी मुलं इथे बोलायला लागली ती आपला चेहरा दाखवायला मिळाला म्हणून, तशीच तो लपवायलाही मिळाला म्हणून.

महाराष्ट्रात असं काही सरकारी साधन नव्हतं, पण मार्च २०२०नंतर व्हॉट्सॲपनं त्याची जागा घेतली. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला शिक्षकांच्या ग्रुपांतून पालकांच्या मोबाइलवर रोज पोचू लागली. थेट ऑनलाइन वर्गाची अडचण गावात लगेच दिसली. घरात मोबाइल एक, मुलं तीन, आणि तो मोबाइल सकाळी वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. अकराचा वर्ग अकराला भरला, तर त्या घरातलं कुणीच त्यात नसतं. बोलून ठेवलेला धडा मात्र संध्याकाळी सातला मोबाइल घरी आल्यावर पाहता येतो. आधी थोरलीचा, मग मधल्याचा, मग धाकट्याचा. गुरुजींकडे परत जायचे ते कविता म्हटल्याचे, पाढे म्हटल्याचे व्हिडिओ. मागे शेळी ओरडतेय, आजी ‘जरा मोठ्यानं म्हण’ म्हणून दटावतेय. या व्हिडिओंना गुण नव्हते, पण तपासणाऱ्या शिक्षकाला मुलाच्या घराचा जो अंदाज त्यातून आला, तो पटपडताळणीच्या कागदावर कधीच आला नसता.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हे टाळेबंदीच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवायचा आणि तो मोबाइलनं टिपला की त्या धड्याचा व्हिडिओ, ध्वनिफीत किंवा गोष्ट उघडायची. पुढे राज्यानं ही पद्धत उचलली, आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड नेहमीचा झाला. डिसेंबर २०२०मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला; त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. बक्षिसाच्या बातमीत क्यूआर कोडचं कौतुक झालं ते तंत्रज्ञान म्हणून. खरं तर तो चौकोन एवढंच करतो: गुरुजींचं बोलणं धड्याच्या पानाशी बांधून ठेवतो. ग्रुपवरच्या व्हिडिओसारखं ते ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली वाहून जात नाही.

इकडे फ्लिपग्रिडचं २०२२ साली नाव बदलून फ्लिप झालं. १ जुलै २०२४ला मायक्रोसॉफ्टनं ते स्वतंत्र साधन म्हणून बंद केलं आणि त्याचा कॅमेरा आपल्या टीम्समध्ये बसवला. शिक्षकांना जुने व्हिडिओ उतरवून घ्यायला काही आठवड्यांची मुदत दिली होती. ज्यांनी वर्गाच्या वर्ग तिथे बोलून ठेवले होते, ते ऐन सुट्टीत एकेक फाइल उतरवत बसले. बाकीच्यांचे गेले. पत्र ट्रंकेत राहतं. व्हिडिओ निरोप राहतो तो दुसऱ्याच्या ट्रंकेत, आणि तिची किल्ली बदलल्याची नोटीस ईमेलनं येते.

भाड्याचा चेहरा

बोलून ठेवलेल्या निरोपाला बाजारभाव असतो, हे शिकागोच्या कॅमिओ कंपनीनं दाखवलं. स्टीव्हन गॅलानिस, मार्टिन ब्लेनकोव्ह आणि डेव्हन टाउनसेंड हे तिघे तिचे संस्थापक. ब्लेनकोव्ह यांनी कॅसियस मार्श या फुटबॉलपटूकडून एका मित्राला बाळ झाल्याच्या शुभेच्छा रेकॉर्ड करून घेतल्या. मित्राला झालेला आनंद पाहून धंदा सुचला. २०१७मध्ये सेवा सुरू झाली. गिऱ्हाइकानं नाव, प्रसंग, चार ओळींची माहिती द्यायची. कलाकारानं ती वाचून मोबाइलसमोर बोलायचं. कंपनीनं पंचवीस टक्के कापून घ्यायचे. टाळेबंदीत चित्रीकरणं बंद होती, नट घरी होते आणि लोकांचे वाढदिवस काही थांबले नव्हते. ‘द ऑफिस’ मालिकेतला केव्हिन, म्हणजे ब्रायन बॉमगार्टनर, यानं एकट्या २०२० साली या निरोपांतून दहा लाख डॉलरहून जास्त कमावल्याचं प्रसिद्ध झालं. भारतातही ट्रिंगसारख्या सेवा आल्या आणि मालिकांतले ओळखीचे चेहरे वाढदिवसाला, बारशाला नाव घेऊन बोलू लागले.

गिऱ्हाइकानं दिलेला मजकूर कलाकार वाचतो, ही या धंद्याची मूळ सोय आणि तीच त्याची फट. डिसेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सायबर धोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या विभागानं एक प्रकार उघड केला. एलायजा वूड, प्रिसिला प्रेस्ली अशा नामवंतांना कुणीतरी कॅमिओवरून विनंती केली होती की ‘व्लादिमिर’ नावाच्या एका माणसाला व्यसनातून बाहेर पडायला दोन शब्द सांगा. त्यांनी कळवळून सांगितलं. मग त्या व्हिडिओंवर खोटी चिन्हं, इमोजी आणि बातम्यांच्या संस्थांचे शिक्के चढवून ते युक्रेनचे अध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की यांना उद्देशून असल्याचं भासवलं गेलं आणि रशियाच्या बाजूच्या प्रचारात ते फिरले. एकही शब्द बनावट नव्हता. एलायजा वूडनं जे म्हटलं ते त्यानंच म्हटलं होतं.

कॅमिओची किंमत २०२१मध्ये शंभर कोटी डॉलरवर गेली होती. पुढच्याच वर्षी तिनं ८७ जणांना कामावरून काढलं. २०२४मध्ये जाहिरातींचे निरोप हे पैसे घेऊन केलेले आहेत, हे नीट न सांगितल्याबद्दल अमेरिकेतल्या तीस राज्यांच्या महाधिवक्त्यांशी तिला तडजोड करावी लागली. ठरलेला दंड सहा लाख डॉलरचा होता. कंपनीकडे तेवढे नाहीत म्हणून एक लाखावर आणला. लोकांचे वाढदिवस अजून येतच होते, पण नट पुन्हा सेटवर गेले होते आणि लोक पुन्हा केक कापायला प्रत्यक्ष जमत होते.

दिवाळीशी संबंधित एक उदाहरण तर घरचंच आहे. २०२१च्या दिवाळीत कॅडबरीनं शाहरुख खानची जाहिरात केली. तीत तो आपल्या गल्लीतल्या दुकानांची नावं घेऊन तिथून खरेदी करा असं सांगायचा. प्रत्येक दुकानाचं नाव त्यानं उच्चारलेलं नव्हतं. त्याचा चेहरा आणि आवाज मशीनला शिकवला होता, आणि दुकानदाराला वेबसाइटवर आपलं नाव भरून स्वतःची जाहिरात बनवून घेता येत होती. टाळेबंदीत होरपळलेल्या किराणा दुकानदाराला शाहरुखनं नाव घेतल्याचा आनंद झाला, तो खराच होता. जाहिरात म्हणून ती अव्वल होती यातही शंका नाही. फक्त त्या दिवाळीपासून ‘तो स्वतः माझं नाव घेऊन बोलला’ या वाक्याचा भरवसा संपला. मोबाइलसमोर चार ओळी वाचायला निदान कलाकाराची दोन मिनिटं तरी खर्ची पडत होती.

दोन्ही हात मोकळे हवेत

व्हिडिओ निरोपाचा इतिहास इंटरनेटपासून मोजण्याचं कारण नाही. अमेरिकेच्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९१०च्या सुमाराला पाच हजार डॉलर जमवून खुणांच्या भाषेतली भाषणं चित्रफितीवर घ्यायला सुरुवात केली. १८८०मध्ये मिलानच्या परिषदेत बहुसंख्य ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी ठरवलं होतं की मुलांना ओठ वाचायला आणि बोलायला शिकवायचं, खुणा बंद. त्यानंतर शाळाशाळांतून खुणांची भाषा हद्दपार होत गेली. लहानपणी लाल तापानं श्रवण गेलेले जॉर्ज वेडिट्झ १९१३ साली कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि ही भाषा का जपायला हवी ते त्यांनी हातांनी सांगितलं. या फिती देशभरच्या कर्णबधिरांच्या मंडळांत फिरवल्या जात. लिहून हे सांगता आलं असतं, पण मग ते इंग्रजीत झालं असतं. २०१०मध्ये ती चित्रफीत अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाली.

मुंबईत खुणांच्या भाषेला आणखी एक जागा आहे, लोकलचा दिव्यांगांसाठी राखीव डबा. अॅनेलीस कुस्टर्स या बेल्जियन मानववंशशास्त्रज्ञ स्वतः कर्णबधिर आहेत. २००९ साली त्यांनी या डब्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरी खुणा येणारं कुणी नाही, ऑफिसात कुणी नाही. मग आपल्या भाषेत मनसोक्त बोलायचं कुठे? अमुक वाजताची गाडी, अमुक स्थानक ठरवून लोक या डब्यात एकमेकांना गाठत. घरच्या बातम्या, कामाच्या ओळखी, भांडणं, स्थळं, सगळं प्रवासात. आज ही देवाणघेवाण मोठ्या प्रमाणात मोबाइलवरच्या व्हिडिओंनी चालते, आणि ती पाहायला गाडी गाठावी लागत नाही.

ऐकू येणाऱ्याला वाटतं, कर्णबधिर माणसाला मेसेज लिहिता येतोच की. येतो, पण तो दुसऱ्या भाषेत. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीचं नाही, हिंदीचं नाही, इंग्रजीचं तर नाहीच. प्रश्नार्थक खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते. भुवया वर गेल्या की साधं विधान प्रश्न होतं. मान हलवली की नकार. लूमच्या कोपऱ्यातला चेहरा बोलणं मऊ करतो. इथे चेहरा व्याकरणाचाच भाग आहे. म्हणून या समाजाला व्हिडिओ निरोप ही सवडीची चैन नाही. आपल्या भाषेत ‘लिहून’ ठेवायचा हाताशी असलेला मार्ग तोच. देशातली कर्णबधिर मुलांची पहिली शाळा १८८०च्या दशकात मुंबईतच निघाली. वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पण भाषेचा शब्दकोश हवा तर तो कागदावर छापून भागत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं २०१८मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला, २०२१च्या तिसऱ्या आवृत्तीत तो दहा हजारांवर गेला. त्याची प्रत्येक नोंद म्हणजे एक छोटा व्हिडिओ.

साधनं बनवणाऱ्यांनी मात्र या वापराचा विचार केलेला दिसत नाही. भारतीय सांकेतिक भाषेत मुळाक्षरं दोन हातांनी काढतात. एका हातात मोबाइल धरला की एखादं नाव अक्षरांनी सांगणं अडतं. मग तो खिडकीच्या कठड्याला, पाण्याच्या बाटलीला, समोरच्याच्या बॅगेला टेकवायचा. उजेड समोरून हवा, कारण पाठीमागे खिडकी असली तर हातांची नुसती सावली उरते. नेटवर्क क्षीण झालं की वर सांगितलेली हलकी आवृत्ती सुरू होते. बोलणाऱ्याचं काही बिघडत नाही, पण वेगानं फिरणारी बोटं धूसर पट्टे होऊन जातात. व्हॉट्सॲपनं जुलै २०२३मध्ये साठ सेकंदांचा गोल व्हिडिओ निरोप आणला. टेलिग्राममध्ये तो २०१७पासूनच होता. त्या गोलात चेहरा छान मावतो. खुणांची जागा कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत आणि दोन्ही कोपरांच्या बाहेर असते, ती मावत नाही. त्यामुळे तिथे जुना लांबट व्हिडिओच कामाचा.

नव्या सोयींचंही तेच. आपोआप उमटणारा मजकूर आवाजावरून काढलेला असतो. शीर्षक आणि सारांश त्या मजकुरावरून. दोन मिनिटांचा खुणांचा निरोप, त्यात कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या हॉलला, कुठून बस सुटणार, हे सगळं तपशिलानं सांगितलेलं. आणि एआयला त्यात सारांश काढण्याजोगं काही सापडत नाही, कारण त्याच्या लेखी त्या व्हिडिओत कुणी काही बोललेलंच नाही.